लिंबाची ताटली

तासगावच्या रहिमान मणेराला गाता येत नव्हतं. आवाज असा, की तो घरात गुणगुणायला लागला की त्याची बायको मेहरुनबी आधी दार लोटून घ्यायची आणि मग म्हणायची, "हं, आता म्हणा काय म्हणायचं ते." पण गाणं ऐकावं ते रहिमाननंच. ऐकताना तो डोळे मिटायचा नाही, मान डोलवायचा नाही, वाहवा तर मुळीच म्हणायचा नाही. पंगतीला बसलेला भुकेला माणूस वाढप्याकडं बघतो, तसा नुसता फोनोच्या कर्ण्याकडं बघत बसायचा. तबकडी संपली की एकच शब्द टाकायचा, 'गोड' नाहीतर 'कडू'. एकदा टाकलेला शब्द त्यानं कधी मागं घेतला नाही आणि या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता.

धंदा बांगड्यांचा, बापजाद्यांपासूनचा. तट्टू घेऊन तो आसपासचे बाजार धरायचा आणि आठवड्यातून एकदा कुंडलला यायचा. तट्टाच्या एका अंगाला काचेच्या बांगड्यांच्या माळा, दुसऱ्या अंगाला फोनोची पेटी आणि फडक्यांत गुंडाळलेल्या लाखेच्या तबकड्या. तट्टू बुजलं तर दोन्ही अंगांनी बुडालो, असं म्हणत ओढ्याच्या उतारावर तो त्याच्या मानेवर हात ठेवून चालायचा. तबकड्यांना कुंडलचे लोक ताटल्या म्हणत. मग तोही ताटल्याच म्हणायला लागला.

मणेराच्या तोंडात काही शब्द येत नाहीत. बांगडी फुटली असं तो म्हणणार नाही, वाढली म्हणेल. दिवा विझवला म्हणायचं नाही, कुंकू संपलं म्हणायचं नाही, आणि घरातून निघणाऱ्या माणसानं जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. ही रीत ज्याला साधत नाही त्यानं बायकांच्या मनगटाला हात लावू नये, असं त्याच्या बापानं त्याला लहानपणीच बजावलं होतं. रहिमाननं ही रीत ताटल्यांनाही लावली. एकदा दगडावर आपटून एका कव्वालीचे दोन तुकडे झाले, तेव्हा घरी येऊन तो मेहरुनबीला म्हणाला, "कव्वाली वाढली." आणि ताटावरून तसाच उठला.

फोनो त्यानं सांगलीला एका मोडलेल्या नाटक मंडळीकडून आणला होता. गाणं ऐकून बायका दुकानापाशी जमतील, हा त्यात हिशेब. बायका जमायच्या, पण दुकानदारच गाण्यात हरवायचा. अर्धी बांगडी हातावर चढवलेली, बाई कळ सोसतेय, आणि हा आपला कर्ण्याकडं बघत बसलेला. "आवं मामा, हात हाय माझा, उखळ न्हवं!" असं कुणीतरी ओरडलं म्हणजे तो भानावर यायचा. तरी कुंडलच्या बायका दुसऱ्या मणेराकडं गेल्या नाहीत. रहिमानच्या हातानं भरलेली बांगडी मनगटाला बोचत नसे.

खरी गंमत पाडव्याची. गुढ्या उभ्या राहिल्या, लिंबाचा पाला आणि गूळ खाऊन झाला की कुंडलची माणसं पारापाशी जमत. रहिमान घोंगडं अंथरून त्यावर सरत्या सालात आपण ऐकलेल्या ताटल्यांतल्या निवडक मांडायचा. नवं साल लिंबानं सुरू करायचं आणि मग गूळ खायचा, हे त्याला फार पटलेलं. म्हणून तो आधी सालातली सगळ्यात टुकार ताटली लावायचा. तिचं नाव लिंबाची ताटली. मग चांगल्या चांगल्या, आणि शेवटी गुळाची, तिला सालाचा मान. लोक तिच्यापुढं नारळ फोडत. निवड मात्र सर्वस्वी त्याची. तिथं पाटलाचंही चालत नसे. गावचा न्हावी गुंडा दरसाल भांडायचा, कारण त्याला सासू-जावयाच्या भांडणाची एक विनोदी ताटली आवडायची आणि रहिमान तिला घोंगड्यावर बसू देत नसे.

त्रेचाळीसच्या पाडव्याला घोंगड्यावर बरीच दाटी होती. एक लावणी होती, बाईचा आवाज बेताचा, पण मागचा ढोलकीवाला असा, की रहिमान म्हणायचा, बाईनं जरा गप्प बसावं आणि त्याला बोलू द्यावं. एक भजन होतं, एका म्हाताऱ्या बोवाचं. त्याचा दम मधेच तुटायचा आणि तो तुटायचा तिथंच ऐकणाऱ्याचा जीव गोळा व्हायचा. एक कानडी पद होतं. त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ते लागलं की रहिमानला आपली मेलेली आई आठवायची. का, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. सिनेमातलं एक चटकदार गाणं पोरींसाठी होतं. आणि मान मिळाला होता तो सनईला. त्या सनईवाल्यानं सकाळचा राग असा लावला होता, की भर दुपारी पारापाशी गारवा वाटावा.

पण आधी लिंब. ते एका पडलेल्या नाटकातलं पद होतं. नायक लढाईला निघालाय आणि उंबऱ्यात उभा राहून बायकोला 'येतो' म्हणतोय. गाणाऱ्याला पडसं झालेलं. पेटीवाला एका वाटेनं, तो दुसऱ्या वाटेनं. आणि 'येतो' हा एकच शब्द तो खाली-वर नाचवत राहायचा. रहिमाननं सुई उचलली आणि सगळ्यांकडं बघत म्हणाला, "आरं, किती येळ येतो येतो म्हणतोस? जा की एकदाचा!"

पारावर हशा पिकला. हसली नाही ती एकटी चंद्राबाई. घरच्या माणसांच्या मागं ती उभी होती. सगळं संपल्यावर रहिमान ताटल्या फडक्यांत गुंडाळत होता, तेव्हा ती जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मामा, ती लिंबाची पुन्यांदा लावता का?"

चंद्राबाई सयाजीची बायको. लग्नाला साल होतंय न होतंय तोच सयाजी पलटणीत भरती झाला आणि एक्केचाळीस साली समुद्रापलीकडं गेला. पुढं सिंगापूर पडलं. त्यानंतर त्याचा कागद आला नाही. सरकारचा आला, त्यात सयाजीचा ठावठिकाणा लागत नाही एवढंच लिहिलेलं. चार दिवस गाव हळहळलं. मग बेचाळीसची चळवळ पेटली आणि कुंडलात धरपकडीचे दिवस आले. सणावाराखेरीज चार माणसं एके ठिकाणी बसली तरी फौजदाराला संशय यायचा. ज्याच्या त्याच्या घरची कुणी ना कुणी रानात दडलेली, त्यात समुद्रापलीकडच्या माणसाची आठवण कोण किती काढणार?

तेव्हापासून दर बाजाराला चंद्राबाई यायची आणि तीच ताटली मागायची. रहिमानला राग यायचा. चांगली सनई पेटीत पडलीय आणि ही पोर पडसं झालेल्याच्या मागं लागलीय! पण तो लावायचा. लढाईमुळं पोलादी सुया मिळत नव्हत्या, म्हणून तो बाभळीचे काटे तासून वापरायचा. काटा मऊ, आवाज जरा घोगरा निघतो, पण ताटली झिजत नाही. एवढ्या टुकार ताटलीसाठी आपण दरवेळी नवा काटा का तासतो, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नाही.

एकदा तिनं विचारलं, "मामा, ह्यो येतो म्हनतो ते कुठल्या जागी?"

असा प्रश्न आजवर त्याला कुणी विचारला नव्हता. रहिमान खूष झाला. त्यानं ताटली उन्हाकडं तिरकी धरली आणि काट्याच्या टोकानं दाखवलं, "ही रेघ बघ. हितनं हितपातुर. हितं म्हणतो त्यो."

चंद्राबाईनं ती जागा डोळ्यांत साठवून घेतली.

पुढच्या पाडव्याला घोंगडं अंथरून रहिमान तट्टाला पाणी दाखवायला गेला. परत येऊन बघतो तो गुढीची पूजा करून आलेली चंद्राबाई तबक घेऊन ताटल्यांपाशी वाकलेली. नवा नांगर आला की त्याला हळदकुंकू, नवी मोट आली की तिला हळदकुंकू, तसं तिनं ताटलीला लावलं होतं. तेही मधल्या कागदावर नाही. त्यानं दाखवलेल्या त्या रेघेवर, नेमकं, ओलं.

"आगं ए! काय केलंस हे?" रहिमान असा ओरडला, की तट्टूसुद्धा दचकलं. "ह्यो काय देव हाय व्हय? ताटली नासली की माझी!"

घाबरून तिनं पदरानं पुसायला घेतलं आणि कुंकू अजूनच रेघांत बसलं. रहिमाननं ताटली तिच्या हातातून ओढून घेतली, फुंकर मारली, काटा लावून चावी दिली. गाणं सुरू झालं, कुंकवापाशी आलं आणि अडकलं. येतो. येतो. येतो. येतो. पोरं हसायला लागली. रहिमाननं वैतागून सुई उचलली आणि ती ताटली घोंगड्यावरून काढून टाकली. मोडलेल्या पाडव्याचं पाप जणू तिच्याच माथी आहे, अशी चंद्राबाई खाली मान घालून निघून गेली.

पुढच्या बाजाराला ती ताटलीसाठी आली नाही. बांगड्या भरायला आली. दोन बांगड्या वाढल्या होत्या. बायका मणेराशी मनातलं बोलतात याचं एक कारण आहे. तो हाताकडं बघतो, तोंडाकडं बघत नाही. रहिमान तिचं मनगट दाबून बांगडी चढवत होता तेव्हा ती हातालाच सांगितल्यासारखी म्हणाली, "मामा, ते जातो म्हनलं हुतं."

"कोण?"

"हेच. पलटणीत निघालं तवा, वाडीच्या टेसनावर. गाडी हालली, घाई झाली, आन् ते म्हनलं, बरं, जातो. आसं म्हनू नगा, येतो म्हना, आसं माझ्या तोंडावर आलं. पर सासरा हुता, दीर हुतं. त्येंच्या म्होरं मी कशी बोलू? न्हाई बोलले." बांगडी चढली, तिनं दुसरी त्याच्याकडं सरकवली. "तो शब्द माघारी घ्यायला कुणी न्हाईच की वं. म्हनून मी त्या ताटलीकडनं म्हनवून घेत हुते."

रहिमानच्या हातातली बांगडी तशीच राहिली. जन्मभर ज्यानं फुटली हा शब्द तोंडातून काढला नाही, त्याला एका चुकलेल्या शब्दाचं ओझं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 'जा की एकदाचा' हे आपलंच वाक्य त्याला आठवलं आणि तोंडात खरोखर लिंबाचा पाला आल्यासारखं झालं. त्याला फार वाईट वाटलं.

"ताटली साफ हुतीया," तो म्हणाला. "रॉकेलचा बोळा फिरवला, काट्यानं रेघ कोरली की हुईल नीट."

"नगं मामा," ती चटकन म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. तेवढंच म्हनू द्या."

मग तशीच राहू दिली. बाजार पांगायला लागला की चंद्राबाई यायची, रहिमान ताटली लावायचा, आणि गाणं कुंकवापाशी येऊन अडकायचं. येतो, येतो, येतो. चावी उतरत आली की आवाज जड व्हायचा, लांबायचा आणि म्हाताऱ्या माणसासारखा बसायचा. मग ती स्वतः पुढं होऊन चावी द्यायची. कुणी हसलं तर रहिमान त्याच्याकडं असं बघायचा, की माणूस दुसऱ्या दुकानाकडं वळायचा.

पंचेचाळीसच्या पाडव्याआधी सयाजीची आई रंगूबाई सुनेला घेऊन बांगड्या भरायला आली. रंगूबाई कजाग नव्हती. पोराची वाट बघून बघून थकली होती, एवढंच. सून हात पुढं करून बसली आणि रंगूबाईनं रहिमानला बाजूला घेतलं. "रहिमानभाऊ, औंदा हिरवा चुडा नगं. काळ्या भर, दोन दोन. उगं लोकांच्या डोळ्यावर येतंय. आन् उद्या कायबाय कानावर आलं तर... भरल्या हातानं सोसवायचं न्हाई पोरीला."

रहिमान परत येऊन बसला. चंद्राबाईनं काही ऐकलं नव्हतं, पण तिला सगळं कळलं होतं. पुढं केलेला हात तिनं अर्धा मागं घेतला होता.

समोर माळाच माळा पसरलेल्या. काळ्या, लाल, जांभळ्या, सोनेरी ठिपक्यांच्या. रहिमाननं त्यांच्याकडं बघितलं, रंगूबाईकडं बघितलं आणि अगदी गंभीर तोंडानं सांगितलं, "आक्का, आज हिरव्याबिगर दुसरा रंगच न्हाई माझ्यापाशी."

रंगूबाई पदराचं टोक डोळ्याला लावून दुसरीकडं बघत राहिली. रहिमाननं हिरवा चुडा भरला, मनगट भरून. त्या दिवशी घरी जाताना ओढ्याच्या उतारावर तट्टाच्या मानेवर हात ठेवायचं मात्र तो विसरला. आपण भरलेला हा चुडा उद्या या पोरीला स्वतःच्या हातानं उतरवावा लागला तर? मेहरुनबीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही तुमचं काम केलं. पुढचं अल्लाला करू द्या." पण तिलाही झोप लागली नसावी, कारण सकाळी तिचे डोळे सुजलेले होते.

लढाई संपली. पाऊस गेला, सुगी झाली, आणि थंडीतल्या एका बाजारी रहिमान कुंडलच्या वेशीत शिरतो न शिरतो तोच गुंडा हातात वस्तरा घेऊन धावत आला. "मामा! सयाजी आला! जित्ता! परवाच्या गाडीनं आला!"

रहिमान तट्टाच्या गळ्यात पडला. दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

पण सासूबरोबर चंद्राबाई आली ती कोमेजलेलीच. सयाजी आला होता, पण शत्रूच्या कैदेत वाळून काटकी झाला होता. खायला दिलं तर खायचा, बस म्हटलं तर बसायचा. बोलत नव्हता. कुणी काही विचारलं तर मान हलवायचा. कुणी हसलं तर हसणाऱ्याकडं बघत राहायचा. "आला खरा," रंगूबाई म्हणाली, "पर आजून आल्यावानी वाटत न्हाई, भाऊ." चंद्राबाईनं त्या दिवशी ताटली मागितली नाही. मागायची कशी? आलेल्या माणसासाठी येतो येतो म्हणवून घ्यायचं म्हणजे तो आला नाही असं कबूल केल्यासारखं होतं.

शेचाळीसचा पाडवा आला. लिंब झालं, गूळ झाला, पारापाशी माणसं जमली. धरपकड सरली होती, रानातली माणसं घरी आली होती, त्यामुळं गर्दी मोठी. सयाजीलाही आणून पुढं बसवलं होतं. नवा सदरा त्याच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. रहिमाननं नवी लिंबाची ताटली लावली, बाकीच्या लावल्या. त्या साली एका बाईची ठुमरी अशी होती, की मान तिलाच, याबद्दल गुंडासुद्धा भांडला नसता. पण शेवटी रहिमाननं फडक्यातून दुसरीच ताटली काढली. कुंकवाचा लाल डाग लांबून दिसत होता.

"औंदाची गुळाची ही," तो म्हणाला.

"मामा!" गुंडा ओरडला. "आवं, ही तर जुनी लिंबाची! तुमचा शब्द फिरला व्हय?"

"फिरला," रहिमान म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्याचं काही वाटलं नाही. त्यानं नवा काटा बसवला आणि भरपूर चावी दिली.

गाणं सुरू झालं, कुंकवापाशी आलं, अडकलं. येतो. येतो. येतो. येतो. पोरं फिदीफिदी हसली, कुणीतरी त्यांना गप्प केलं. चंद्राबाई बायकांत उभी होती, तिनं पदर तोंडात धरला. रहिमान सुईला हात लावत नव्हता. का लावत नाही, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. येतो. येतो. येतो.

सयाजीची मान हळूहळू वर आली. त्यानं कर्ण्याकडं बघितलं. फिरणाऱ्या ताटलीकडं बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या. मग गुडघ्यावर हात टेकून तो उठला, पुढं आला आणि दोन बोटांनी सुई धरून म्हणाला, "आरं, कवाधरनं येतो येतो म्हणतोय बिचारा. येऊ द्या की त्याला."

आणि सुई डागाच्या पलीकडं ठेवली.

क्षणभर कुणाला कळलंच नाही, की सयाजी बोलला. मग आधी गुंडा हसला, मग सगळा पार हसला, आणि त्या हसण्याकडं बघत सयाजीच्या तोंडावर आधी ओठाच्या एका कोपऱ्यात आणि मग सगळीकडं हसू पसरलं. रंगूबाई मोठ्यानं रडायला लागली. चंद्राबाई भरल्या गर्दीतून वाट काढत पुढं आली, दीर-सासऱ्यांची पर्वा न करता नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली, आणि तिच्या हिरव्या बांगड्या त्याच्या सदऱ्याच्या बाहीला लागून वाजल्या.

गाणं पुढं चाललं होतं. पेटीवाला एका वाटेनं, गाणारा दुसऱ्या वाटेनं, पडसं तसंच. कुणी उठलं नाही. पार शेवटच्या कडव्यापर्यंत, कितीतरी दिवसांनी, पहिल्यांदाच ते गाणं पुरं झालं.

रहिमाननं सुई उचलली. चंद्राबाई डोळे पुसत जरा वेळ घुटमळली, मग त्याच्याकडं वाकून हळूच म्हणाली, "मामा, पुढचं गानं लय वंगाळ हाय की वं."

"मी काय सांगत हुतो आजवर?" रहिमान म्हणाला, आणि ताटली फडक्यात गुंडाळायला लागला.